माझा भाऊ सावळाराम यास

"ताई, कागदाला हात नका लावू. पापडासारखा मोडतो तो."

हवालदार असं म्हणाले आणि मी पुढं केलेला हात मागं घेतला. टपाल खात्यात तेव्हा माझी वीस वर्षं झाली होती. कागद कसा धरायचा हे मला कुणी शिकवायला आलं असतं तर एरवी मी त्याची चांगली खरडपट्टी काढली असती. पण त्या दिवशी मुकाट बसले. तो एक कागद बघायला मिळावा म्हणून दादा, म्हणजे माझे वडील, आणि मी तीन वर्षं अर्जांवर अर्ज करत होतो.

पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसातली ही गोष्ट. पलटण कुठली ते मुद्दामच लिहीत नाही. पंधरा वर्षं झाली तरी उगाच कुणाच्या मागं चौकशीचं शुक्लकाष्ठ लागायला नको.

"नाव परत एकदा सांगा," हवालदार म्हणाले.

"राणोजी भिकाजी फडतरे. गाव हिवरखिंड," दादा म्हणाले. गुरुजींनी उभं केल्यासारखे ते ताठ बसले होते. "माझे थोरले चुलते. बेचाळीस साली भरती झाले. चव्वेचाळीसला इटलीत पडले."

आमच्या घराला ठाऊक होतं ते एवढंच. माझे आजोबा सावळाराम, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, हे धाकटे. थोरले राणोजी लढाईवर गेले ते परत आले नाहीत. घरात त्यांचा फोटो नाही, पत्र नाही, बिल्ला नाही. आण्णा भावाबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत. फक्त सर्वपित्री अमावास्येला भावाचं पान स्वतःच्या हातानं वाढायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, आणि पान ठेवताना नावही घ्यायचे नाहीत. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "आण्णा, नाव नाही घेतलं तर त्यांना कळणार कसं?" तर म्हणाले, "कळतंय त्याला. तू गप बस."

एक्क्याण्णव साली आण्णा गेले. जाताना दादांचं मनगट धरून त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "माझ्या भावाचं नाव कुठंतरी दगडावर लागलं पायजे. एवढं कर, शंकर." दादा शब्दाचे पक्के. अठरा वर्षं हे ओझं ते डोक्यावर घेऊन फिरत होते.

आणि आता गावात खरंच दगड उभा राहत होता. दोन्ही महायुद्धांत हिवरखिंडीची जी माणसं गेली त्यांच्या नावांचा स्तंभ. समितीचे अध्यक्ष सुभेदार किर्दत. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी सकाळी दाढी केल्याशिवाय चहा न पिणारा माणूस. त्यांचा नियम एकच होता: कागद दाखवा, नाव घालतो. कागद नाही, नाव नाही. दसऱ्याला स्तंभ उघडायचा, घटस्थापनेला पाथरवट अक्षरं कोरायला बसणार, आणि त्याच्या आदल्या दिवशी सर्वपित्रीला यादी बंद. आम्ही रेकॉर्ड ऑफिसात बसलो होतो तेव्हा सर्वपित्रीला दोन दिवस उरले होते.

हवालदारांनी फाईल उघडली, कागदावर बोट न टेकवता ओळीवरून फिरवलं आणि हसले.

"सापडले, काका. राणोजी, वडील भिकाजी, हिवरखिंड. सगळं जुळतंय."

दादांनी टोपी काढली आणि तोंडावर धरली. खांदे हलायला लागले. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, आजी गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. हवालदार चांगला माणूस, त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि उगाचच खिडकीबाहेर बघत राहिला.

मग त्यांनी एकेक कागद वाचून दाखवला. ऑक्टोबर चव्वेचाळीसमध्ये एका नदीकाठच्या चढाईत मृत्यू. तिकडंच दफन, कबरीचा नंबर अमुक. नंतर एक लहानसा कागद निघाला, पोस्टकार्डाएवढा. तो मात्र इंग्रजीत नव्हता.

"समुद्रापार जायच्या आधी प्रत्येक जवानाकडून हे लिहून घ्यायचे. आपल्या मागं आपलं काय ते कुणाला द्यायचं. मृत्युपत्रच म्हणा," हवालदार म्हणाले. "हे त्यांनी स्वतः लिहिलंय. वाचा तुम्हीच."

सुबक बाळबोध अक्षर होतं. शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या पोराचं असतं तसं, प्रत्येक रेघ पट्टीनं मारल्यासारखी. मी मोठ्यानं वाचलं: "माझ्या मागे माझे जे काही असेल ते माझा भाऊ सावळाराम यास मिळावे. राणोजी भिकाजी फडतरे."

"आण्णांचं नाव," दादा म्हणाले. "शेवटाला भावाचीच आठवण काढली बघ."

मला खरं तर तिथंच थांबता आलं असतं. कागद मिळाला होता, नाव जुळलं होतं, दादांचा शब्द पुरा झाला होता. पण पोस्टातल्या बाईची खोड. फॉर्म हातात आला की शेवटच्या रकान्यापर्यंत वाचल्याशिवाय चैन पडत नाही.

"भरतीचा कागद राहिला की," मी म्हटलं. "तो खालचा."

"त्यात काय, उंची, छाती, वजन. सहीच्या जागी अंगठा आहे. पुढं सेंटरमध्ये अक्षर शिकवायचे, त्यामुळं मग सही यायची." हवालदार वाचत गेले. "वय एकवीस. ओळखीच्या खुणा: डाव्या खांद्याच्या मागे तळहाताएवढा भाजल्याचा डाग. उजव्या कानाची पाळी फाटलेली."

दादांनी पाण्याचा तांब्या तोंडाकडं नेला होता, तो तसाच हातात राहिला.

मी दादांकडं बघितलं नाही. मला बघवेना. दर रविवारी न्हाणीत आण्णांची पाठ घासायचं काम माझ्याकडं होतं. डाव्या खांद्यामागं तळहाताएवढा गुळगुळीत डाग होता, तिथं घाम यायचा नाही. गुऱ्हाळात उकळता रस सांडला होता म्हणे. आणि फाटकी पाळी! लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मी त्या पाळीचे दोन तुकडे दोन बोटांत धरून खेळायचे. पोरपणी कुणी बाळी ओढली होती म्हणून ती फाटली होती.

चव्वेचाळीस साली इटलीत पुरलेल्या माणसाची पाठ मी शहाऐंशी-सत्त्याऐंशी सालापर्यंत घासत होते.

"काय झालं, ताई?" हवालदारांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "तेवढ्या साक्षांकित प्रती द्या. सगळ्या कागदांच्या."

बाहेर आलो. आवारात एक मोठं चिंचेचं झाड होतं, त्याच्या पारावर दादा बसले. मी त्यांना चहा आणून दिला, तो त्यांनी ठेवून दिला.

"शालन, आण्णांना सही येत होती का गं?"

"नाही. माझ्या काउंटरवर रजिस्टर पत्र घ्यायला आले तेव्हा मीच अंगठा घेतलाय."

"मग भरतीच्या कागदावर अंगठा आहे तो आण्णांचा. आणि ते सुंदर अक्षर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाले, "म्हणजे भरती झाला माझा बाप. आणि मेला धाकटा. माझ्या बापानं नाव लिहून दिलं आणि धाकट्याला मरायला पाठवून स्वतः घरात बसला. तोंड लपवायला भावाचं नाव घेतलं."

"दादा, काहीतरीच काय बोलता!"

"मग दुसरं काय, सांग की!" ते माझ्यावर खेकसले. "आता सुभेदाराला काय दाखवू? हा कागद दाखवला तर स्तंभावर माझ्या बापाचं नाव लागतंय. घरात मेलेल्या माणसाचं. आणि जो खरा मेला त्याचं नाव राहतंय बाहेर. नाही दाखवला तर दोघंही बाहेर. आणि खरं बोललो तर गाव माझ्या बापाला पळपुटा म्हणणार."

थंड झालेला चहा मी झाडाच्या बुंध्याशी ओतला.

"कोंडाआजीला विचारू," मी म्हटलं. "वाटेवरच आहे."

कोंडाबाई म्हणजे आण्णांची धाकटी बहीण, दादांची आत्या. या तिघा भावंडांतली तेवढीच उरली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पण दात सगळे शाबूत आणि जीभ त्याहून. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिच्या घरी पोचलो तेव्हा ती सोप्यात बसून सुपात घेवडा सोलत होती.

"आलास व्हय शंकर? एवढं त्वांड का वाळलंय? ह्या पोरीनं उपाशी ठेवलं का काय?"

दादा बसलेसुद्धा नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "आत्या, आण्णांच्या पाठीवर डाग होता. तो कधीचा?"

घेवडा सोलणारी बोटं थांबली. तिनं आधी दादांकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या पाकिटाकडं.

"कागद घावला?"

"घावला."

"मग इचारतोस कशाला?"

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. माझ्या बापानं धाकट्या भावाला मरायला पाठवलं का? हो का नाही, एवढंच सांग."

"थोबाड फोडीन!" कोंडाआजीनं सूप असं आपटलं की शेंगा अंगणात गेल्या. "ज्यानं तुला खांद्यावर घिऊन शाळंला सोडलं त्याच्याबद्दल असलं बोलतोस? बस खाली! बस म्हनते ना!"

दादा बसले. मीही बसले. आणि कोंडाआजीनं सांगितलं.

"म्या अकरा वर्साची. राणूदादा तालुक्याला जाऊन भरती झाला, छाती मोजली, अंगठा दिला. पंधरा दिसांनी हजर व्हायचं म्हनून रेल्वेचा कागद दिला. आन तिसऱ्याच दिशी मुदतीचा ताप भरला. शुद्ध न्हाय, बोलनं न्हाय, नुसता बडबडायचा. आये त्याच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलती आन रडती. पोलीस पाटील यिऊन सांगून गेला, हजर न्हाय झाला तर फरारी धरत्याल, तापातबी उचलून न्येतील. बाबानं हात जोडलं, पर पाटील तरी काय करनार? डाक्टर हुता कुठं कागद द्यायला?"

"आणि धाकटा?" मी विचारलं.

"सतराचा हुता. नुकती मिसरूड फुटाय लागल्याली. चौथी शिकल्याला. अक्षर असं काढायचा की मास्तर त्याच्याकडनं फळा लिवून घ्यायचा. हजर व्हायच्या दोन दिस आधी सकाळी म्या हिरीवर पाणी वढत हुते, तर हा आला. अंगात राणूदादाचा सदरा. हातात त्यो रेल्वेचा कागद. म्हनला, कोंडे, म्या जातो. दादा उठला की सांग त्याला. आन म्या येईस्तवर माझं नाव काढू नगंस कुटं. नाव काढलंस तर धरत्याल मला."

"तू थांबवलं नाहीस?"

"म्या म्हनलं, घाबरत न्हाईस व्हय? तर हासला. म्हनला, आगबोट बघाया मिळंल गं. त्याला हौसबी हुती, खोटं कशाला सांगू. पोरगंच हुतं ते." तिनं पदरानं नाक पुसलं. "जाताना म्या काढल्यालं पाणी प्याला. ओंजळीनं. आन गेला."

एकविसाव्या दिवशी आण्णांचा ताप उतरला. पहिला शब्द निघाला तो "सावळ्या कुठाय?" कोंडाआजीनं सांगितलं. उभं राहायची ताकद नव्हती तर आण्णा सरपटत उंबऱ्यापर्यंत आले. तोवर धाकटा पलटणीत रुजूही झाला होता; लढाईच्या घाईत तिकडं खुणा कुणी पडताळल्या नव्हत्या. पुढं महिन्याभरानं काठी टेकत तालुक्याला निघाले होते, मीच खरा राणोजी म्हणून सांगायला. पोलीस पाटलानं नदीवरून परत आणलं. म्हणाला, तू गेलास तर पोर तुरुंगात जाईल, आणि तूही जाशील. मग त्यानं गावची मोठी माणसं देवळात बसवली आणि सांगितलं, राणोजी लढाईवर गेलाय, हा घरात आहे तो सावळाराम. दोघं परत एके जागी येईपर्यंत हेच चालायचं. सगळ्यांनी माना हलवल्या. त्यानंतर गावानं तोंड शिवलं ते शिवलं.

"आन मग तालुक्याचा मानूस आला," कोंडाआजी म्हणाली. "कागद वाचला. राणोजी भिकाजी फडतरे लढाईत पडला. आन राणूदादा दारात उभा! आये त्याच्याकडं बघती आन त्या मानसाकडं बघती. रडायचं कुनाच्या नावानं? त्या मानसाम्होरं तिनं राणू रं माझ्या म्हनून हंबरडा फोडला. जित्या पोराच्या नावानं, पोर म्होरं उभं असताना. त्यो मानूस गेला तवा आत गेली, कनगीपाशी बसली, आन पदर तोंडात कोंबून सावळ्या, सावळ्या करत राह्यली. सकाळपतोर. पुढं पेन्शनीचा कागद आला, त्यो तिनं चुलीत घातला. त्या दिसापासनं आयेनं राणूदादाला कुठल्याच नावानं हाक मारली न्हाय. बाळा म्हनायची, मरंस्तवर."

अंगणातल्या शेंगा कोंबड्यांनी टिपायला सुरुवात केली होती. कुणी हाकलल्या नाहीत.

"मला का नाही सांगितलं?" दादांनी विचारलं.

"कसं सांगनार? तू शाळंत नाव लावलंस शंकर सावळाराम. कचेरीत तेच. सांगितलं असतं तर तुला सई करतानाबी हात कापला असता."

दादांनी माझ्याकडून पाकीट घेतलं, त्या पोस्टकार्डाएवढ्या कागदाची प्रत काढली आणि कोंडाआजीच्या मांडीवर ठेवली. तिला वाचता येत नव्हतं. तरी तिनं अक्षरांवर हात ठेवला आणि म्हणाली, "त्याचंच हाय. अशी रेघ दुसरा कोन मारतोय?"

मी तिला वाचून दाखवलं. माझ्या मागे माझे जे काही असेल ते माझा भाऊ सावळाराम यास मिळावे.

आदल्या दिवशी हेच वाक्य मी खणखणीत वाचलं होतं आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. कुठल्या तरी छावणीत बसून त्या पोरानं स्वतःचं नाव वारसाच्या जागी लिहिलं होतं आणि खाली सही भावाच्या नावानं केली होती. त्याच्यापाशी होतं तरी काय द्यायला? जमीन बापाची, सदरासुद्धा भावाचा. एक नाव तेवढं त्याचं स्वतःचं होतं. ते घरात राहिलेल्या भावाला जन्मभर पुरणार होतं, आणि पुरलं.

"आत्या, उद्या घरी चल," दादा म्हणाले. "सर्वपित्रीला."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी स्वयंपाक तयार होता. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. सुभेदार किर्दतांना दादांनी जेवायला बोलावलं होतं. ते बाराच्या ठोक्याला हजर, हातात यादीची वही.

"काय शंकरराव, मिळाला का कागद? शेवटची जागा तुमच्यासाठी ठेवलीय. राणोजी भिकाजी, बरोबर ना?"

मी दाराआड उभी होते. मला वाटलं, दादा आता हो म्हणतील. म्हटलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता. कागद खणखणीत होता, शिक्का होता, आणि बापाची अब्रू राहिली असती.

"नाही," दादा म्हणाले. "बरोबर नाही. बसा, सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. डाग, पाळी, ताप, विहीर, सगळं. काही झाकलं नाही. मध्येच कोंडाआजी म्हणाली, "माझ्या भावानं त्याला धाडला न्हाय, सुभेदार. त्यो गेला तवा हा शुद्धीत नव्हता," आणि दादा म्हणाले, "हो, तेही लिहून घ्या."

सुभेदारांनी मिशीला पीळ दिला.

"शंकरराव, सरकारी रेकॉर्ड बदलणार नाही. तिकडं इटलीत त्याच्या कबरीवर राणोजीच राहणार."

"राहू दे. पण गावच्या दगडावर मी माझ्या बापाचं नाव लावू देणार नाही. त्यांनी भावाचं नाव लावायला सांगितलं होतं. भावाचं लावा, नाही तर जागा मोकळी ठेवा."

"माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे. कागदावर नाव पाहिजे."

मला राहवलं नाही. मी बाहेर आले आणि तो लहान कागद त्यांच्यापुढं ठेवला. "हे काय आहे मग? वाचा की! नियम, नियम काय लावलंय?"

"शालन!" दादा म्हणाले.

पण सुभेदारांनी चष्मा लावला. एकदा वाचलं, मग परत वाचलं.

"हे अक्षर त्याचं स्वतःचं?"

"त्याचंच," कोंडाआजी म्हणाली.

"आणि सावळाराम हे नाव यात आहे. त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं."

"आहे," मी म्हटलं.

"मग झालं की. कागदावर नाव पाहिजे असं मी म्हटलं होतं. कुठल्या ओळीत पाहिजे असं नव्हतं म्हटलं." त्यांनी वहीत नाव लिहिलं, वही मिटली आणि मग जरा हळू आवाजात म्हणाले, "आमचे वडील त्या देवळातल्या बैठकीला होते, शंकरराव. मला मरताना सांगून गेले. पण तुमच्या घरानं तोंड उघडल्याशिवाय मी कसं उघडायचं? म्हणून तर तुमच्यापुढं कागदाचा हट्ट धरून बसलो होतो."

दादांनी त्यांच्यापुढं हात जोडले. सुभेदार घाईघाईनं उठून उभे राहिले. "अहो, मला कशाला हात जोडता? त्याला जोडा," असं काहीतरी पुटपुटले.

दसऱ्याला स्तंभ उघडला. शेवटून पहिलं नाव सावळाराम भिकाजी फडतरे. भाषणं झाली, बँड वाजला, आणि गावच्या जुन्या घरांतली चार-पाच म्हातारी माणसं पुढं येऊन दादांच्या पाठीवरून हात फिरवून गेली. कुणी काही विचारलं नाही. ज्यांनी दोन पिढ्या आमचं घर असं सांभाळलं त्या गावाचे मी उपकार मानते. दुसऱ्या कुणाबद्दल मी एवढं सहज चांगलं बोलत नाही, हे मला ओळखणारे सांगतील. आणि त्या पोराचे उपकार तर कशात मोजू? लग्न नाही, मूलबाळ नाही, पण माझे दादा मरेपर्यंत शंकर सावळाराम म्हणून सही करत राहिले. त्या दिवसानंतर सही करताना त्यांचा हात कापला नाही. उलट ते नाव जरा मोठं काढायला लागले. कोंडाआजी दसऱ्यानंतर चार वर्षांनी गेली, दादा मागच्या साली.

पण माझ्या लेखी ही गोष्ट दसऱ्याला संपत नाही. ती त्या सर्वपित्रीच्या दुपारीच संपते.

सुभेदारांनी वही मिटल्यावर दादा मागच्या अंगणात पानं ठेवायला गेले. आण्णा गेल्यापासून आम्ही दोन पानं ठेवायचो, एक राणोजींचं आणि एक सावळारामचं. अठरा वर्षं नावं घेऊन ठेवली, आणि अठरा वर्षं चुकीच्या माणसासाठी ठेवली. पण पानं दोन होती, जेवणारेही दोन होते. कुणी उपाशी राहिलं नव्हतं, एवढंच मनाला समाधान.

दादांनी पहिलं पान ठेवलं. पाणी फिरवलं आणि म्हणाले, "राणोजी भिकाजी फडतरे." मग जरा थांबून, "आण्णा." ते नाव आपल्या बापाचं म्हणून त्यांनी जन्मात पहिल्यांदा घेतलं.

दुसरं पान उचललं आणि ते वळले. "आत्या, हे तू ठेव."

"बायका ठिवत्यात व्हय?"

"तू ठेव."

कोंडाआजी उठली. कमरेचा बटवा सोडून त्यातला गुळाचा खडा आणि मूठभर भाजके दाणे तिनं खिरीशेजारी ठेवले. घरून येतानाच आणले होते म्हणजे. मग हातात तांब्या घेऊन ती तशीच उभी राहिली. मला वाटलं पाणी फिरवायचं विसरली. पण ती ओठ हलवून बघत होती. विहिरीवर त्यानं सांगितलं होतं, मी येईस्तवर माझं नाव काढू नको. त्या दिवसापासून सदुसष्ट वर्षं तिनं ते काढलं नव्हतं. तिच्या सोप्यात आदल्या दिवशी एवढी मोठी हकिकत सांगताना आईच्या, आण्णांच्या तोंडचं तेवढं सांगितलं, स्वतः त्याला म्हणून मात्र ते नाव एकदाही घेतलं नव्हतं. हे तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. आणि आण्णा पान ठेवताना गप्प का राहायचे, तेही.

कोंडाआजीनं तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि पानाभोवती सोडलं.

"आलास व्हय, सावळ्या?" ती म्हणाली. "बस. जेव आता."